साठ घरांचं पाणी

३ मार्च १९१२, रविवार

कामाची टिपणं कामाच्या वहीत जातात, मनातली कुठंच जात नाहीत. म्हणून ही दुसरी वही घेतली. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या जानव्याला, तेव्हा हवं ते लिहायला हरकत नाही.

बुऱ्हाणपुरातल्या शेठमंडळींनी शनवारा दरवाज्याबाहेर जमीन घेतली आहे. प्लेगच्या सालांपासून आतल्या गल्ल्यांत राहायला माणसं भितात, म्हणून बाहेर साठ घरांची नवी वस्ती काढायची. सरकारी कचेरीच्या परवानगीला एकच अट आहे. भर उन्हाळ्यात घरटी रोज सहा घागरी पाणी मिळेल, असा परीक्षा पास झालेल्या ओव्हरसियरचा दाखला हवा. गावात असा ओव्हरसियर एकच, तो मी. त्यांच्यातल्या थोरल्या शेठजींनी मला गादीवर लोडाशी बसवलं आणि दोनदा पान दिलं. एरवी हाच मनुष्य मला ओट्यावर उभा ठेवत असे.

पाणी धाकट्या भंडाऱ्याचं घ्यायचं ठरलं; जमिनीखालच्या जुन्या पाणवाटेला इकडं भंडारा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून आपल्या पायानं उतरत येतं. बोगद्यावर ठरावीक अंतरानं विहिरीसारखी तोंडं आहेत, त्यांना कुंड्या म्हणतात. बादशाही काळातलं काम, अजून वाहतं आहे. शेवटच्या कुंडीपाशी मोठा हौद बांधला की झालं.

१७ मार्च

आज घरात पुन्हा चुलीवरून. माझी धाकटी बहीण मनकर्णा पाच वर्षांपासून आमच्याकडे आहे. प्लेगमध्ये नवरा गेला, पदरात कुसुम, आता दहा वर्षांची. माझी बायको शारदा वाईट नाही, मनकर्णाही नाही, पण एका चुलीपुढं दोघी बसल्या की फुंकणीसुद्धा कमी पडते. मी मधे बोललो तर दोघी मिळून माझ्यावर उलटतात, तेवढीच त्यांची एकी.

संध्याकाळी मनकर्णा म्हणाली, "भाऊ, नव्या वस्तीत मले दोन खोल्या बांधाच्या हायेत. पाटल्या मोडते अन् देडतलाईचा सासरच्या वावराचा वाटा इकून टाकते. कोनाच्या घरात राहन्यापरीस आपल्या घरात उपाशी बरी." मग जरा थांबून, "तिथं पानी राहीन ना?"

मी म्हटलं, "मी मोजल्याशिवाय सही करणार आहे का?"

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. ती सुटेल म्हणून की मी सुटेन म्हणून, ते नीट सांगता येत नाही.

१८ एप्रिल

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. तीन दिवस दुसरं काम नाही, तेव्हा मोजणी आताच उरकतो. वैशाखाचं ऊन म्हणजे तव्यावरचं. पाणी कमीत कमी असायचं ते याच दिवसांत. पुढं कोणी म्हणायला नको की ओव्हरसियरनं पावसाळ्यात मोजलं आणि उन्हाळ्याचं लिहिलं.

२० एप्रिल, आखाजी

शारदा रागावली. सणाच्या दिवशी माहेरवाशिणी झोक्यावर, पुरणाचा घाट, आणि घरधनी घागर घेऊन रानात. पण काम ते काम.

काल एक घागर भरायला तीन मिनिटं लागली. आज अडीच. उन्हाळ्यात पाणी वाढतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं! भंडारा बांधणाऱ्यांची कमाल म्हणायची. वातावरण किती शांत. वरच्या बाजूला उसाचे आणि केळीचे मळे, एरवी मोटांच्या कुरकुरीनं माणसाचं डोकं उठतं, आज घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मोजणीला याहून चांगला दिवस मिळाला नसता.

भंडाऱ्याची राखण उखर्डूकडे आहे. साठीच्या पुढचा, बाप-आजाही हेच करत. बोगद्यात उतरून पाण्यातून साचलेला चुना खरवडतो, कुंड्यांच्या तोंडावर फळ्या आणि बोराटीच्या काट्या रचून ठेवतो, मोडल्या की नव्या घालतो. तो आला आणि माझी घागर बघून उभाच राहिला.

"भाऊ, आखाजीचं पानी मोजू नका."

"का रे?"

"ते आपलं नसते. पितराईचं असते ते. चार रोज पितर पेतात अन् जातात. मंग मोजा."

पितर पितात तर पाणी कमी व्हायला हवं, वाढतं कसं, असं मी विचारलं. तो कुंडीवरची काटी सारखी करू लागला. मला हसू आवरेना. आज घरोघरी पितरांच्या नावानं घागर भरतात, ती मीही सकाळी भरली, पण पूजा पूजेच्या जागी आणि हिशेब हिशेबाच्या जागी. म्हातारा जाताना परत म्हणाला, "मोजू नका बरं." मी त्याला सणाचा एक आणा दिला.

२१ एप्रिल

आजही अडीच मिनिटं. तरी सावधगिरी म्हणून तीनचाच आकडा धरला. दिवसरात्र मिळून चारशे ऐंशी घागरी. साठ घरांना लागतात तीनशे साठ. शंभरावर शिल्लक ठेवून सही केली. इतका काटेकोर दाखला या जिल्ह्यात दुसऱ्या कोणी दिला नसेल.

मनकर्णेला सांगितलं तर तिनं कुसुमला उचलून गरकन फिरवलं. दहा वर्षांच्या घोडीला!

१४ नोव्हेंबर

पावसाळाभर या वहीला हात लागला नाही. घर पाहावं बांधून म्हणतात, मी तर साठ बांधतो आहे. मनकर्णेच्या भिंती उंबऱ्याच्या वर आल्या. ती स्वतः विटा भिजवते, गवंड्याशी भांडते, ओळंबा धरून बघते. तिला इतकं बोलताना मी लग्नाआधीच पाहिलं होतं.

वरच्या मळ्यांत यंदा केळी दुप्पट. दोन नव्या विहिरीही पाडल्या. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत मोटा चालू. हा मुलूख असा हिरवा असताना लोक त्याला कोरडा का म्हणतात, कळत नाही.

९ फेब्रुवारी १९१३

मनकर्णेची वास्तुशांत झाली. शेवटच्या ओळीतलं शेवटचं घर, साठावं. दोन खोल्या, पुढं ओटा, तुळस. शारदेनं आपणहून पातेलं आणि दोन पितळी भांडी दिली आणि निघताना दोघी गळ्यात पडून रडल्या. एका घरात असताना हे कधी झालं नाही. कुसुम मला हात धरून हौदावर घेऊन गेली. "मामा, हे तुमचं पानी ना?" मी म्हटलं हो.

२४ फेब्रुवारी

हौद सकाळी अर्धासुद्धा भरत नाही. बायका भांडतात. मनकर्णेच्या शेजारच्या सोजरबाईनं दुसऱ्या एकीच्या डोक्यात कळशी घातली. मी जाऊन मोजलं. एका घागरीला नऊ मिनिटं. पुन्हा मोजलं, नऊच. घड्याळ दुकानात दाखवून आणलं, ते बरोबर आहे.

माझा दाखला बरोबर, घड्याळ बरोबर, मग पाणी कुठं जातं? कोणीतरी मधेच वळवतं आहे. बोगद्यात उतरणारा माणूस एकच.

२ मार्च

उखर्डूला वस्तीच्या ओट्यावर बोलावलं. शेठजी होते, चारपाच घरमालक होते. मी सरळ विचारलं, पाणी कोणत्या मळेवाल्याला विकतोस?

तो म्हणाला, "भाऊ, पानी मी कशाले इकीन? पानी हायच इतलं."

"गेल्या वैशाखात तीन मिनिटांत घागर भरली. तुझ्या डोळ्यांदेखत."

"मी तवाच सांगतलं तुम्हाले."

"काय सांगितलंस? पितरांचं?"

सगळे हसले. तो हसणाऱ्यांकडे बघत म्हणाला, "मले बोलता येत नाही तुमच्यासारखं." शेठजींनी त्याला काढून टाकलं. त्यानं कंबरेची दोरी आणि खरवडणी आणून माझ्या पायाशी ठेवली. लेकीकडे देडतलाईला जातो म्हणाला. चोर उघडा पडला की असाच गरीब होतो.

१९ मार्च

उखर्डू जाऊन सतरा दिवस झाले आणि घागरीला आता दहा मिनिटं. म्हणजे चोरी चालूच, की चोर दुसरा? शेठजी आता गादीवर बसवत नाहीत. पानही देत नाहीत.

बायका आता हौदाची वाट बघत नाहीत. दोर घेऊन वरच्या कुंड्यांवर जातात, पन्नास हात खोल पोहरा सोडतात, गाळासकट वर ओढतात.

दुपारी मनकर्णा आली. हाताला दोराचे घट्टे. "भाऊ, पाऊस येईस्तोवर आम्ही इथं येऊ का? दोन घागरीत नाही भागत. कुसुम बी पानी आनाले जाते, मले पाहवत नाही." शारदा आतून म्हणाली, "विचारतेस काय, ये की."

मी म्हणालो, आठ दिवस थांब. मी कारण सांगितलं नाही, पण इथं लिहितो. ओव्हरसियरची सख्खी बहीण वस्ती सोडून आली, तर उरलेली एकोणसाठ घरं दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपतील आणि माझा दाखला चव्हाट्यावर येईल. आठ दिवसांत मी गळती शोधून काढीन.

ती हौ म्हणाली. माझ्या शब्दावर ती नेहमीच हौ म्हणते. शारदा रात्री जेवली नाही.

२८ मार्च

कुसुम गेली.

दुपारी चौथ्या कुंडीवर. बायकांची गर्दी नसते म्हणून त्या वेळी जायची म्हणे. तोंडावर फळी नव्हती, काटी नव्हती. कडेला चुन्याचा थर, त्यावर सांडलेलं पाणी. मला निरोप आला तेव्हा मी सातव्या कुंडीपाशी गळती शोधत होतो.

खाली उतरायला कोणी तयार होईना. बोगदा माहीत असलेला माणूस गावात उरला नव्हता. शेवटी दिवस कलल्यावर एक भोई उतरला.

खाली पाणी घोट्याइतकंही नव्हतं.

३१ मार्च

कुंडीवरच्या फळ्या आणि काट्या कोणी काढल्या, याची मी चौकशी करणार आहे. असा निष्काळजीपणा.

सोजरबाईला विचारलं. ती म्हणाली, "काढाच्या कशाले? वाऱ्यानं उडाल्या, ढोराईनं मोडल्या. पहिले उखर्डू रोज नव्या घालत जाय." मग माझ्याकडे बघून तिनं पदर ओढला आणि आत गेली.

चौकशी पुरी झाली.

१३ एप्रिल

मनकर्णा आमच्याकडे यायला तयार नाही. शारदा रोज जाते, भाकर ठेवून येते. मी दोनदा गेलो. ती दळत होती. जातं थांबवलं नाही.

आठ दिवसांची मुदत मी दिली होती, कुसुम नवव्या दिवशी गेली. हे गावात कोणाला ठाऊक नाही. मनकर्णेला आणि शारदेला ठाऊक आहे.

९ मे, आखाजी

सकाळी सोजरबाईचा मुलगा सांगत आला की हौद ओसंडून वाहतो आहे. वस्तीतल्या बायका नाचायच्या बाकी. मी घागर आणि घड्याळ घेऊन धावलो. तीन मिनिटं. पुन्हा मोजलं. तीन.

मला आधी आनंद झाला, हे लिहिलं पाहिजे. माझा दाखला खरा ठरला, असंच पहिल्यांदा मनात आलं. कुसुमला जाऊन दीड महिना झाला नाही आणि मला आनंद झाला.

मग मी कुंडीच्या कडेला बसलो. इतकी शांतता होती की घड्याळ ऐकू येत होतं. गेल्या वर्षीही आलं होतं.

बांधावरून चुडामण पाटील चालला होता, वरच्या मळ्याचा मालक. सणाचं नवं धोतर, रिकामे हात. त्याला हाक मारली. "पाटील, आज मोट नाही?"

तो हसला. "आज कोन जुपीन भाऊ? जुना सालदार कालच घरी गेला, नवा सोमवारी येईन. आखाजीले सालच बदलते ना. चार रोज साऱ्या शिवारात एक बी मोट चालत नाही. बैलाईले बी सुटी."

"आणि विहिरी?"

"तुडुंब भरतात. मंग जुपली का दोन दिवसात खाली जातात. तुमच्या भंडाऱ्याचं पानी बी तसंच. आमच्या विहिरी अन् तुमचा भंडारा, मतलब एकच पोट हाय ना. हे तर लेकराले बी ठाऊक राहते." माझा चेहरा बघून म्हणाला, "तुम्हाले बरं नाही का?"

मी या गावचा. आखाजीला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे गडी, बदलतात, हे मला ठाऊक नव्हतं का? लहानपणापासून बघतो आहे. सासरच्या शेतावरचा सालदार मीच दोनदा ठरवून दिला. पण ते एका कप्प्यात होतं आणि घड्याळ दुसऱ्या. वर्षातून ज्या चार दिवसांत कोणी भंडाऱ्याचं पाणी ओढत नाही, नेमके तेच दिवस मी निवडले, आणि वर सावधगिरीचा टेंभा मिरवला. पाणी कोणी चोरलं नव्हतं. पाणी एवढंच होतं. उखर्डूनं सांगितलं तेव्हा तो काय बघून बोलतो, हे मी विचारलं नाही. मी त्याला एक आणा दिला.

१० मे

दाखला चुकीचा होता, तो रद्द समजावा, असं पत्र कचेरीला लिहिलं. पाठवण्याआधी शेठजींना दाखवलं. त्यांनी शांतपणे वाचलं. "ओव्हरसियरसाहेब, पुढच्या तीस घरांची वीट पडली आहे. उद्या येऊन हौद बघा, भरलेला आहे. तुमचं मन ठिकाणावर नाही, घरात दुःख झालं आहे. महिनाभर चांदनी गावाला पाहुण्यांकडे जाऊन या." मी म्हटलं पत्र जाणार. ते म्हणाले, मग उद्यापासून येऊ नका. टपालात मी स्वतः टाकलं.

तिथून मनकर्णेकडे गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. आखाजी, मोटा, तीन मिनिटं. ती गहू निवडत होती.

"मतलब पानी येनारच नाही."

"उन्हाळ्यात नाही. मोटा चालू असतील तोवर तीन घागरीसुद्धा नाही."

"बाकीच्याले सांगतलं?"

"पत्र पाठवलं."

"कागद कोनाले वाचता येते इथं?" तिनं सूप खाली ठेवलं. "उद्या घरोघर जाऊन तूच सांग. मी येते संगं."

११ मे, रविवार

सकाळी पहिल्या घरापासून सुरुवात केली. आमच्याकडची रीत अशी की उंबऱ्यात माणूस आला की आधी तांब्या पुढं येतो, बोलणं मागून. पहिल्या घरात तांब्या आला. माझा हात पुढं होईना. मनकर्णा हळूच म्हणाली, "पी. त्याहिनं भरून आनलं हाय." मी प्यालो आणि मग सांगितलं, की माझी मोजणी चुकली, उन्हाळ्यात इथं पाणी राहणार नाही, माझ्या सहीवर भरवसा ठेवून तुम्ही घर बांधलंत. मालकानं भिंतीला हात लावला. भिंतीवरचा चुना अजून नवा दिसत होता.

दुसऱ्या घरात तांब्या, तिसऱ्या घरात तांब्या. चौथ्या घरातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, मग आम्ही कुठं जावं? पाचव्या घरात शिव्या मिळाल्या, त्या बऱ्या वाटल्या. प्रत्येक ठिकाणी मनकर्णा आधी बोलायची. "हा माझा भाऊ. ह्याले काही सांगाचं हाय." बस, तेवढंच. तिच्याकडे बघून लोक हात उगारायचे राहिले, नाहीतर मी धडपणे घरी आलो नसतो.

दहाव्या की अकराव्या घरापासून बातमी आमच्या पुढं पोचली. तिथून पुढं तांब्या आला नाही. दारं उघडी, माणसं उभी, मी बोलायचो, ती ऐकायची. सोजरबाईनं ऐकून फक्त विचारलं, "उखर्डूले सांगतलं का?" मी म्हटलं, उद्या देडतलाईला जातो. ती म्हणाली, "पायी जा."

एकोणसाठ घरं व्हायला ऊन उतरलं. वरच्या मळ्यात कोणीतरी सोमवारची वाट न बघता मोट जुंपली होती. मनकर्णेच्या दाराशी आलो. मला वाटलं झालं, आता घरी जायचं. ती पुढं होऊन आत गेली, पदर सारखा केला आणि उंबऱ्याच्या आत वळून उभी राहिली.

"हे साठावं," ती म्हणाली. "मले बी सांग. बाकीच्याले सांगतलं तसं."

"तुला तर काल..."

"काल बहिनीले सांगतलं. हे घर माझं हाय, मी बांधलं. घरवालीले सांग."

मी सांगायला लागलो. माझी मोजणी चुकली. उन्हाळ्यात इथं पाणी राहणार नाही. माझ्या सहीवर भरवसा ठेवून तुम्ही घर बांधलंत. एकोणसाठ वेळा म्हटलेलं, तोंडात बसलेलं. ते संपलं तरी ती हलली नाही. तेव्हा मला कळलं की या घरात एवढंच सांगायचं नाही.

मग मी म्हणालो, की तू लेकीला घेऊन माझ्या दारात आली होतीस. मी तुला परत पाठवलं. तुला इथं थांब म्हणायला माझ्याकडे पाणी नव्हतं, गळती सापडेल याची खात्रीही नव्हती. तू आलीस तर लोक मला हसतील, एवढंच कारण होतं. कुसुम त्यासाठी गेली.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. मग ती आतल्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळानं जात्याचा आवाज सुरू झाला. तिनं मला बैस म्हटलं नाही.